तिकीट हातात, दार बंद: मार्च २०२० आणि परदेशात अडकलेले भारतीय

१/
१७ मार्च २०२०. क्वालालंपूरच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर शेकडो भारतीय विद्यार्थी पुढच्या विमानाची वाट पाहत बसले होते. त्यांतले बरेचसे फिलिपिन्समध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारे. मनिलाहून निघायचे, क्वालालंपूरला विमान बदलायचे आणि भारतात उतरायचे, असा साधा प्रवास. पुढचे तिकीट प्रत्येकाकडे होते. त्या दुपारनंतर मात्र त्या तिकिटावर त्यांना विमानात घ्यायला कोणी तयार नव्हते.

२/
आदल्या दिवशी, १६ मार्चला, फिलिपिन्सचे अध्यक्ष रॉड्रिगो दुतेर्ते यांनी मनिला ज्या बेटावर आहे त्या संपूर्ण लुझॉन बेटावर कडक टाळेबंदी जाहीर केली होती. देश सोडू इच्छिणाऱ्यांना ७२ तासांची मुदत मिळाली. १७ मार्चला भारत सरकारने अफगाणिस्तान, फिलिपिन्स आणि मलेशिया या तीन देशांतून येणाऱ्या प्रवाशांवर तत्काळ बंदी घातली. भारतीय वेळेनुसार दुपारी ३ नंतर तिथून भारताकडे एकही विमान उडणार नव्हते. एका देशाने ‘निघा’ म्हटले, दुसऱ्याने ‘येऊ नका’ म्हटले, आणि विद्यार्थी तिसऱ्याच देशाच्या विमानतळावर होते.

३/
‘विमान रद्द झाले’ हे तीन शब्द त्या वर्षी जगभर लाखो लोकांनी ऐकले. पण रद्द कोणी केले? विमान कंपनीने, ज्या देशात प्रवासी होता त्या देशाने, की ज्या देशात त्याला परतायचे होते त्या त्याच्या स्वतःच्या देशाने? प्रवाशाचे पैसे परत मिळणार का, त्याने किती दिवस थांबायचे आणि दाद कोणाकडे मागायची, हे सगळे या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून होते. या धाग्यात त्या उत्तराचा शोध आहे.

४/
थोडे मागे जायला हवे. ७ डिसेंबर १९४४ रोजी शिकागो येथे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीचा करार झाला. आजची सारी विमानसेवा त्याच पायावर उभी आहे. त्याचे पहिलेच कलम सांगते की प्रत्येक राष्ट्राचे आपल्या भूमीवरील आकाशावर संपूर्ण सार्वभौमत्व आहे. सहावे कलम सांगते की त्या राष्ट्राच्या परवानगीवाचून कोणतीही नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा तिथे जाऊ शकत नाही. प्रवाशाला तिकीट विमान कंपनी विकते. पण ते विमान उतरवून घेण्याची परवानगी कंपनीच्या हातात नसते.

५/
याच कराराचे १४ वे कलम साथींविषयी आहे. पटकी, टायफस, देवी, पीतज्वर, प्लेग आणि इतर संसर्गजन्य रोग विमानांमधून पसरू नयेत म्हणून सदस्य राष्ट्रांनी परिणामकारक उपाय योजावेत, असे ते सांगते. म्हणजे साथीच्या काळात हवाई मार्गावर निर्बंध येणार, ही गोष्ट करार लिहिणाऱ्यांनाही ठाऊक होती. मात्र जवळजवळ सारे जग एकाच महिन्यात आपली दारे लावून घेईल, असा प्रसंग त्यानंतरच्या पाऊणशे वर्षांत आला नव्हता.

६/
भारताला हा अनुभव समुद्रमार्गाने आधीच आला होता. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग सुरू झाला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला आणि त्याच महिन्यात मुंबई बंदरातून हजला जाणारी वाहतूक थांबवण्यात आली. जहाज, बंदर, प्रवासी आणि रोग यांचा एकत्र विचार करणारे अधिकार सरकारच्या हाती आले ते तेव्हा. मार्च २०२० च्या मध्यावर महाराष्ट्र शासनाने करोनाशी लढण्यासाठी जो कायदा लागू केला, तो हाच १८९७ चा होता.

७/
आता पुन्हा २०२० कडे. ३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली. त्या वेळी प्रवासबंदीची शिफारस मात्र तिने केली नव्हती. त्याच दिवशी केरळमध्ये भारतातला पहिला रुग्ण आढळला. पाठोपाठ एअर इंडियाच्या जम्बो विमानाने वुहानला दोन फेऱ्या केल्या आणि सुमारे साडेसहाशे लोकांना दिल्लीत आणले. तेव्हा रोग एका शहरात होता आणि आपली माणसे तिथे होती. त्यांना बाहेर काढणे हेच सरकारचे काम आहे, याबद्दल कोणाच्याही मनात शंका नव्हती.

८/
मार्चमध्ये चित्र पालटले. ११ मार्चला जागतिक महासाथ जाहीर झाली. भारताने १३ मार्चपासून जवळजवळ सारे व्हिसा स्थगित केले. १८ मार्चपासून युरोपीय महासंघ, ब्रिटन आणि तुर्कस्तान येथून येणाऱ्या प्रवाशांना बंदी झाली. आधीची बंदी परदेशी नागरिकांवर होती. ही नवी बंदी ‘प्रवाशां’वर होती, आणि प्रवासी या शब्दात भारतीय पासपोर्ट असलेलाही आला. वुहानच्या वेळी ज्याला आणायला विमान गेले होते, त्यालाच सहा आठवड्यांनी ‘आहात तिथेच थांबा’ असे सांगितले गेले.

९/
या आदेशांत एक वाक्य वारंवार येत होते: प्रवास जिथून सुरू होतो त्या पहिल्याच विमानतळावर कंपन्यांनी या बंदीची अंमलबजावणी करावी. व्यवहारात याचा अर्थ असा की भारताची सीमा दिल्ली-मुंबईच्या पारपत्र तपासणीतून उचलून लंडन, फ्रँकफर्ट आणि मनिलाच्या काउंटरवर नेऊन ठेवली गेली. तिथे बसलेला विमान कंपनीचा कर्मचारी संगणकावर आदेश पाहून प्रवाशाला परत पाठवत होता. त्या प्रवाशाला दाद मागायला समोर भारत सरकारचा कोणी अधिकारी नव्हताच.

१०/
क्वालालंपूरच्या विद्यार्थ्यांची सुटका लवकर झाली. त्यांनी मोबाइलवर चित्रफिती काढून मदत मागितली, त्या देशभर पसरल्या. १७ मार्चच्या संध्याकाळीच परराष्ट्रमंत्री एस. जयशंकर यांनी जाहीर केले की दिल्ली आणि विशाखापट्टणमसाठी एअरएशियाच्या विमानांना परवानगी दिली आहे. दुसऱ्या दिवशी ते भारतात पोहोचले. ज्या सरकारने दुपारी दार लावले, त्यानेच रात्री ते किलकिले केले. यातून इतर अडकलेल्यांना एक गोष्ट उमगली: नियमाला अपवाद होतो, पण त्यासाठी आवाज दिल्लीपर्यंत पोहोचावा लागतो.

११/
१९ मार्चला अखेरचा आदेश आला. २२ मार्चला भारतीय वेळेनुसार पहाटे ५.३१ नंतर परदेशातून कोणतेही नियमित प्रवासी विमान भारताकडे उडणार नव्हते. सर्वांत लांबच्या प्रवासाला वीस तास धरून उतरण्याची शेवटची वेळ ठरली २३ मार्चची मध्यरात्र उलटून १ वाजून ३१ मिनिटे. बंदी एका आठवड्याची होती. तीन दिवसांत जगाच्या कानाकोपऱ्यातून निघणे ज्यांना जमले ते निघाले. बाकीच्यांनी हिशेब केला: आठवडाभराचाच प्रश्न आहे.

१२/
२२ मार्चला, जनता संचारबंदीच्या दिवशी, रोमहून एअर इंडियाचे विशेष विमान २६३ जणांना घेऊन दिल्लीत उतरले. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते. त्याच सुमारास मधले थांबेही मिटत गेले. २३ मार्चच्या मध्यरात्रीपासून सिंगापूरने विमान बदलण्यापुरती थांबणारी वाहतूकही बंद केली. संयुक्त अरब अमिरातीने २५ मार्चपासून प्रवासी विमाने थांबवली. युरोप-अमेरिकेतून भारतात येणाऱ्यांपैकी फार मोठा हिस्सा दुबई, अबू धाबी किंवा सिंगापूरमार्गे येतो. ते थांबे गेल्यावर तिकिटाचा अर्धा भाग वैध आणि अर्धा निरर्थक, अशी अनेकांची स्थिती झाली.

१३/
२४ मार्चच्या मध्यरात्री देशांतर्गत विमानेही थांबली आणि २५ मार्चपासून देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली. आठवड्याची बंदी आधी १४ एप्रिलपर्यंत गेली, मग ३ मेपर्यंत, मग त्याही पुढे. दर मुदतवाढीबरोबर विमान कंपन्या नव्या तारखेची तिकिटे विकत किंवा बदलून देत आणि नवी मुदतवाढ आली की तीही रद्द होत. एकाच प्रवासाचे तिकीट दोन-तीनदा रद्द झालेली माणसे त्या उन्हाळ्यात ठिकठिकाणी होती.

१४/
उलट दिशेनेही हेच घडत होते. घानाचा एक तरुण फुटबॉलपटू केरळातून मायदेशी जाण्यासाठी मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात मुंबई विमानतळावर आला. त्याचे विमान रद्द झाले. शहरात टाळेबंदी, ओळखीचे कोणी नाही, खिशात पैसे जेमतेम. विमानतळाच्या आवारातल्या बागेत त्याने सत्तरहून अधिक दिवस काढले. सुरक्षा रक्षक आणि कर्मचारी त्याला खायला देत. जूनमध्ये त्याची हकीकत समाजमाध्यमांतून मंत्री आदित्य ठाकरे यांच्यापर्यंत पोहोचली आणि वांद्र्याच्या एका हॉटेलात त्याची सोय झाली. इथेही आवाज पोहोचावा लागला.

१५/
काही देशांनी वेगळा मार्ग धरला. जर्मनीने १७ मार्चला परदेशी असलेल्या आपल्या नागरिकांना परत आणण्याची मोहीम सुरू केली आणि एप्रिलच्या अखेरीपर्यंत सुमारे २ लाख ४० हजार लोकांना घरी पोहोचवले. यासाठी विमान कंपन्यांची विमाने सरकारने भाड्याने घेतली. भारतातूनही अशी विमाने सुटली. दिल्ली आणि गोव्याच्या विमानतळांवरून परदेशी पर्यटक आपापल्या देशांच्या विमानांनी जात होते, आणि त्याच वेळी परदेशातल्या भारतीयांना भारतात येणारे विमान नव्हते.

१६/
भारत सरकारची बाजूही समजून घ्यायला हवी. जर्मनीचे बहुतेक लोक सहलीला गेलेले होते. भारताचे परदेशातले लोक लाखोंच्या संख्येने तिथे कामाला होते. एकट्या अमिरातीत सुमारे ३४ लाख. त्यांतले थोडे जरी परतले, तरी त्या सर्वांची तपासणी आणि चौदा दिवसांचे विलगीकरण करण्याची व्यवस्था मार्च-एप्रिलमध्ये उभी नव्हती. चाचण्या कमी होत्या, रुग्णालयांची तयारी अपुरी होती. आलेल्या माणसाला दिल्लीहून गावी न्यायला रेल्वेही नव्हती. सरकारने वेळ विकत घेतला, आणि त्या वेळेची किंमत बाहेर असलेल्यांनी मोजली.

१७/
प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिका, ब्रिटन, इराण, आखाती देश अशा अनेक ठिकाणी अडकलेल्यांच्या वतीने याचिका झाल्या. १३ एप्रिल २०२० रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे यांच्या पीठाने सुनावणी चार आठवडे पुढे ढकलली. माणसांनी सध्या आहेत तिथेच राहावे, असा न्यायालयाचा कल होता. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९७९ मध्ये संमती दिली आहे. त्याचे १२ वे कलम म्हणते की कोणालाही स्वतःच्या देशात प्रवेश करण्याच्या हक्कापासून मनमानीपणे वंचित ठेवता येणार नाही. साथ हे कारण मनमानी नव्हे, हे सर्वांना मान्य होते. पण मग किती दिवस, याचे उत्तर करारात नाही.

१८/
‘अडकणे’ म्हणजे नेमके काय, हे दिवसागणिक स्पष्ट होत गेले. विद्यापीठांची वसतिगृहे रिकामी करण्यात आली. मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या आईवडिलांची महिन्याभरासाठी नेलेली औषधे संपली. पर्यटक व्हिसाची मुदत उलटली. आखातात नोकरी गेली की राहण्याची जागाही जाते, कारण ती बहुधा मालकाची असते. एप्रिलच्या अखेरीस अमिरातीतील भारतीय वकिलातीने परत जाऊ इच्छिणाऱ्यांची नोंदणी सुरू केली, तेव्हा काही दिवसांतच दीड लाखांवर नावे आली. त्यांतल्या साधारण चौथाई लोकांची नोकरी सुटली होती.

१९/
समुद्रावरच्या माणसांची गोष्ट आणखी अवघड. नाविक बोटीवर चढतो विमानाने जाऊन आणि घरी येतोही विमानाने. विमाने थांबली आणि कराराची मुदत संपलेले खलाशी बोटीवरच राहिले. गोव्यातली हजारो घरे पर्यटन जहाजांवरच्या पगारावर चालतात, त्यामुळे तिथे हा घरोघरचा विषय झाला. ‘मरेला डिस्कव्हरी’ या जहाजावरचे सुमारे दीडशे भारतीय कर्मचारी मुंबईच्या किनाऱ्याजवळ येऊनही कित्येक दिवस उतरू शकले नाहीत. केंद्राने एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नाविकांसाठी नियमावली काढली, त्यानंतर २३ एप्रिलला ते मुंबईत उतरले. त्या वर्षाच्या अखेरीस जगभरात सुमारे ४ लाख नाविक असे अडकले असल्याचा आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा अंदाज होता.

२०/
मेच्या पहिल्या आठवड्यात दार उघडण्याचा निर्णय झाला. नाव ‘वंदे भारत’. केंद्रीय गृहमंत्रालयाने ५ मे रोजी कार्यपद्धती जाहीर केली. प्राधान्य कोणाला, हे तिच्यात लिहिले होते: कामावरून काढलेले मजूर, व्हिसा संपत आलेले, आजारी, गरोदर स्त्रिया, वृद्ध, घरी मृत्यू झालेले आणि विद्यार्थी. दूतावासांनी याद्या केल्या. तिकीट आधी काढले त्याला आधी जागा, हा बाजाराचा नियम बाजूला पडला आणि गरज कोणाची मोठी, हे ठरवण्याचे काम दूतावासातल्या अधिकाऱ्यांवर आले.

२१/
खर्च मात्र प्रवाशाचा. सरकारने जाहीर केलेले साधारण भाडे आखातातून सुमारे १५ हजार रुपये, लंडनहून ५० हजार आणि अमेरिकेहून १ लाख. उतरल्यावर चौदा दिवसांचे विलगीकरण, तेही पैसे भरून. ज्याची नोकरी गेली त्यालाही हेच. मार्चमध्ये काढलेल्या तिकिटाचे पैसे विमान कंपनीकडे पडून होते आणि मेमध्ये दुसऱ्या तिकिटासाठी उसनवारी करावी लागत होती. अमिरातीत अनेकांची तिकिटे भारतीयांच्या सामाजिक संस्थांनी आणि दानशूर व्यक्तींनी काढून दिली.

२२/
७ मेच्या रात्री दहाच्या सुमारास अबू धाबीहून आलेले पहिले विमान कोचीला आणि पाठोपाठ दुबईहून आलेले कोळिकोडला उतरले. दोन्ही विमानांत मिळून साडेतीनशेहून अधिक माणसे होती. १० मेच्या पहाटे लंडनहून ३२६ प्रवाशांना घेऊन विमान मुंबईत आले. पहिल्या आठवड्याची योजना ६४ विमाने, १२ देश आणि जवळपास १५ हजार प्रवासी अशी होती. त्याच वेळी नौदलाचे ‘समुद्र सेतू’ अभियान सुरू झाले. आयएनएस जलाश्व ही युद्धनौका मालदीवहून ६९८ जणांना घेऊन १० मे रोजी कोचीला लागली. मालदीव, श्रीलंका आणि इराण येथून नौदलाने ५५ दिवसांत ३,९९२ भारतीयांना आणले.

२३/
या मोहिमेची तुलना नेहमी १९९० च्या कुवेत मोहिमेशी होते. इराकने कुवेत बळकावल्यावर एअर इंडियाने ५९ दिवसांत ४८८ फेऱ्या करून एक लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे परत आणले होते. दोन्हींत एक मूलभूत फरक आहे. १९९० मध्ये संकट कुवेतमध्ये होते आणि विमानात पाऊल ठेवताच प्रवासी संकटाबाहेर पडत होता. २०२० मध्ये संकट प्रवाशाबरोबर विमानात येऊ शकत होते. म्हणून घरच्या गावातही त्याचे स्वागत दबक्या मनाने झाले, आणि काही ठिकाणी तेही झाले नाही.

२४/
या भीतीचे कायद्यातले रूप मुंबईत दिसले. मार्चमध्ये महासंचालनालयाने दोन प्रवाशांमधली एक जागा रिकामी सोडण्यास सांगितले होते. परदेशातून येणाऱ्या विशेष विमानांत मधल्या जागाही भरल्या जात आहेत, अशी याचिका एका वैमानिकानेच मुंबई उच्च न्यायालयात केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. मधली जागा रिकामी ठेवली तर सुरक्षितता वाढते, पण विमानातली एकतृतीयांश माणसे परदेशातच राहतात. न्यायालयाने आधीच तिकिटे दिलेली असल्याने ६ जूनपर्यंत मधल्या जागा भरू दिल्या. पुढे १५ जूनला मुंबई उच्च न्यायालयानेही काळजी घेण्याच्या अटींवर त्याला मान्यता दिली.

२५/
एक वर्ग सुरुवातीच्या यादीत बसलाच नाही. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या भारतीय दांपत्यांची मुले तिथे जन्मल्यामुळे अमेरिकन नागरिक असतात आणि त्यांच्याकडे ‘ओसीआय’ कार्ड असते. मार्चमध्ये या कार्डावरचा व्हिसामुक्त प्रवेश स्थगित झाला होता. नोकरी गेलेल्या, व्हिसा संपत आलेल्या आईवडिलांना विमानात जागा होती, पण त्यांच्या तान्ह्या मुलाला नव्हती. २२ मे रोजी गृहमंत्रालयाने अशा मुलांसह काही गटांना सूट दिली. पहिले विमान उतरल्यापासून तोवर पंधरा दिवस गेले होते.

२६/
७ ऑगस्ट २०२०. दुबईहून कोळिकोडला आलेले ‘वंदे भारत’चे विमान पावसात उतरताना टेकडीवरच्या धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले आणि दरीत कोसळून दुभंगले. विमानात १९० जण होते. २१ जणांचा मृत्यू झाला. त्यांत कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक अखिलेश कुमार हेही होते. साठे मूळचे नागपूरचे, हवाई दलातले माजी अधिकारी. पुढच्या वर्षीच्या चौकशी अहवालाने ठरलेली कार्यपद्धती पाळली न गेल्याचे संभाव्य कारण नोंदवले, आणि व्यवस्थेतल्या त्रुटींकडेही बोट दाखवले.

२७/
त्या रात्री विमानतळाभोवतालच्या वस्तीतली माणसे धावत आली. परिसरात करोनाचे निर्बंध होते. परदेशातून आलेल्या प्रवाशाला हात लावणे त्या दिवसांत धोक्याचे मानले जाई. तरीही त्यांनी भर पावसात जखमींना बाहेर काढले, आपल्या गाड्यांतून रुग्णालयात पोहोचवले आणि रक्त देण्यासाठी रांगा लावल्या. नंतर त्यांतले अनेक जण स्वतः विलगीकरणात गेले. परत येणाऱ्यांची भीती बाळगणाऱ्या त्या वर्षात ही घटनाही घडली, हे नोंदवून ठेवायला हवे.

२८/
आता पैशांचा प्रश्न. जगभरच्या कंपन्यांना परत करावी लागणारी तिकिटांची रक्कम सुमारे ३५ अब्ज डॉलर असल्याचा अंदाज त्यांच्याच आंतरराष्ट्रीय संघटनेने त्या वसुलीच्या काळात मांडला होता. हाती रोकड नसल्याने कंपन्या पैशांऐवजी पुढच्या प्रवासासाठी पत देऊ पाहत होत्या. भारतात १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. टाळेबंदीतच टाळेबंदीच्या काळातल्या प्रवासासाठी काढलेल्या तिकिटाचे पूर्ण पैसे तत्काळ परत. त्याआधी काढलेल्या तिकिटाचे पैसे १५ दिवसांत परत. कंपनी आर्थिक अडचणीत असेल तर ३१ मार्च २०२१ पर्यंत वापरता येईल अशी पत, आणि उशिराबद्दल तिच्यात दरमहा थोडी वाढ. हॉटेलचे भाडे, दुसरे महागडे तिकीट, बुडालेला पगार, यांचा हिशेब कोणी केला नाही.

२९/
पुढच्या वर्षी आरसा उलटा धरला गेला. एप्रिल २०२१ मध्ये भारतात दुसरी लाट उसळली. ऑस्ट्रेलियाने भारतातून येणारी विमाने थांबवली आणि ३ मेपासून भारतातून मायदेशी परतणे हाच आपल्या नागरिकांसाठी गुन्हा ठरवला. शिक्षा पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास किंवा ६६,६०० ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत दंड. सुमारे ९ हजार ऑस्ट्रेलियन नागरिक व रहिवासी तेव्हा भारतात होते, आणि त्यांतले बहुतेक भारतीय वंशाचे. बंगळुरूत अडकलेल्या एका ७३ वर्षांच्या गृहस्थांनी या आदेशाला आव्हान दिले. तिथल्या संघीय न्यायालयाने १० मे रोजी त्यांच्या आव्हानातील सुरुवातीचे मुद्दे फेटाळले. बंदी १५ मेला संपली. पहिल्या विमानाच्या वेळी चाचणीत बाधित आढळलेल्यांना आणि त्यांच्या संपर्कातल्यांना, म्हणजे साधारण सत्तर जणांना, मागेच ठेवण्यात आले.

३०/
भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा २७ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. एका आठवड्यासाठी घातलेली बंदी दोन वर्षे पाच दिवस चालली. मधल्या काळात विशेष विमाने होती, जुलै २०२० पासून निवडक देशांशी ‘एअर बबल’ करार होते, पण प्रत्येक फेरी कोणत्या तरी सरकारच्या परवानगीनेच होत होती. १९४४ चे सहावे कलम इतक्या उघडपणे त्याआधी कोणा सामान्य प्रवाशाच्या अनुभवाला आले नव्हते.

३१/
तर विमान रद्द कोणी केले? मार्च २०२० मधल्या बहुतेक भारतीय प्रवाशांच्या बाबतीत सूचना कंपनीने पाठवली, पण निर्णय दिल्लीचा होता. त्या निर्णयाला आरोग्याची सबळ कारणे होती. त्याच निर्णयाने नागरिकाला परदेशात निवारा, औषध आणि पैसा यांवाचून ठेवले, हेही तितकेच खरे. जर्मनीने माणसे आणली, भारताने सहा-सात आठवडे थांबवून मग आणली, ऑस्ट्रेलियाने काही काळ परतणाऱ्याला गुन्हेगार ठरवले. तिन्ही देशांपुढे तीच साथ होती.

३२/
पुढची साथ कधी येईल, हे कोणी सांगू शकत नाही. पण ती आल्यावर सीमा किती दिवस बंद ठेवता येतील, बाहेर राहिलेल्या नागरिकाचा खर्च कोण उचलेल आणि त्याने दाद कुठे मागायची, हे आधी लिहून ठेवता येते. २०२० मध्ये या तीनही प्रश्नांची उत्तरे आदेशामागून आदेश काढत, चालता चालता शोधली गेली. क्वालालंपूरला थांबलेल्या विद्यार्थ्यांना त्यांचे उत्तर एका रात्रीत मिळाले. ज्यांचा आवाज इतक्या लवकर पोहोचला नाही, त्यांना ते मिळायला मे उजाडला, आणि काहींना त्याहूनही उशीर झाला.

(धागा समाप्त)